रेषेपाशी ठेवलेला चेंडू

मैदान आता निळं केलंय. गुळगुळीत, रंग दिलेलं, आणि रेषा अशा की पायाने पुसायला गेलं तरी पुसणार नाहीत. मला काही ते ओळखू आलं नाही. ऑटोतून उतरून मी आपली कडुनिंब शोधत राहिले, तर कडुनिंबाच्या जागी पाण्याची मशीन. सुमन म्हणाली, "इथंच हाय वं, खाली पाह्य ना." खाली पाहिलं, तर रंग संपतो तिथे कुंपणाच्या कडेला हातभर जागा सुटली होती आणि तिथे तोच तांबडा मुरूम. मी चिमूटभर उचलला आणि नाकाशी नेला. तोच वास, तापलेल्या तव्यासारखा. सुमनने कपाळाला हात लावला. "सत्तरीला आली अन् माती हुंगून राहिली."

सुमन माझी शाळेपासूनची मैत्रीण. सक्करदऱ्याच्या अलीकडे एकाच वस्तीत आमची घरं, एकाच संघात आमचा खेळ. आज इथे शाळेच्या मुलींचे बास्केटबॉलचे सामने होते आणि जुन्या खेळाडू म्हणून आम्हा दोघींना बोलावणं होतं. मी जन्मभर शाळेत खेळ शिकवला, पंच म्हणून शिट्टी फुंकली, म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची. सुमनला दुसऱ्या रांगेत, अगदी माझ्या पाठीशी. पहिल्या रांगेच्या मधोमध हार घातलेली एक खुर्ची रिकामी ठेवली होती. ती कोणासाठी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी आले असते का, हे मला माहीत नाही.

तेव्हा इथे भल्या सकाळी पाणी मारावं लागे. थंडीत बादल्या उचलून बोटं बधिर व्हायची, पण मुरूम ओला झाला की जो वास सुटे, त्यासाठी आम्ही भांडून बादल्या घ्यायचो. मग चुन्याची फक्की डब्यात भरायची, डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली, आणि दोरी ताणून रेषा मारायच्या. रेषा मारताना बोलायचं नाही, कारण हसलं की हात हलतो आणि रेषेला पोट येतं. गिरणीचा भोंगा झाला की बायाबापड्या डबे घेऊन मैदानाच्या कडेने जायच्या आणि आमच्या अर्ध्या चड्ड्यांकडे पाहून तोंडाला पदर लावायच्या. कुठून तरी कांदे-पोहे परतल्याचा वास यायचा. चेंडू एकच होता, चामड्याचा. त्याला तीळतेल चोळून आम्ही तो असा जपायचो की घरच्या तान्ह्यालाही कोणी जपत नसेल.

आणि भोंग्याच्या आधी, धुक्यातून, शहरातल्या महाल भागातून सायकलवर शिट्टीवाले सर यायचे.

त्यांचं खरं नाव आम्ही क्वचितच घेतलं. शहरातल्या एका मोठ्या मुलींच्या शाळेत ते शिकवायचे, आणि आमच्या शाळेला खेळाचा मास्तर नाही म्हणून सकाळी आपणहून आमच्याकडे यायचे. एक पैसा घेत नसत. पांढरी इस्त्रीची पँट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी आणि हातात बेशरमच्या झुडपाची एक सोललेली काडी. कोपर खाली पडलं की ते काडीच्या टोकाने वर करायचे, गुडघा ताठ राहिला की काडीनेच टोचायचे. हात कधी लावला नाही. वस्तीतल्या आया त्यांचं यासाठी कौतुक करायच्या, की मास्तर सभ्य आहे, पोरींना हात लावत नाही. ते पाणीही घरून थर्मासात आणायचे. एप्रिलच्या उन्हात थर्मास संपून त्यांचे ओठ फुटलेले मी पाहिलेत, पण आमच्या माठाकडे ते वळले नाहीत. मला वाटे, सरांचं पोट नाजूक असेल.

खेळापेक्षा मला शिट्टीचंच वेड जास्त. चेंडू हातात घेऊन नुसतं चाललं की सर दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरागरा फिरवायचे, म्हणजे चूक, चेंडू दुसऱ्या संघाला. थांबून पुन्हा टप्पे मारले की दोन्ही पंजे खालीवर. रिंगच्या खाली तीन सेकंदांहून जास्त रेंगाळलं की तीन बोटं. मी घरी हेच करत बसायचे. माय बिड्या वळायची, घरभर तेंदूच्या पानाचा वास, आणि ती चुलीपाशी जरा जास्त बसली की मी तोंडाने शिट्टी मारून तिला तीन बोटं दाखवायचे. "काय करून राहिली वं? भूत लागलं का तुले?" ती ओरडायची, आणि मी मुठी फिरवून तिला अजून एक चूक द्यायचे.

पण सगळ्यांत आवडायचं ते थ्रो-इन. चेंडू रेषेबाहेर गेला की सगळं थांबतं. इतका वेळ धावणाऱ्या, ओरडणाऱ्या पोरी जागच्या जागी, आणि सगळ्यांचे डोळे पंचाकडे. सर चेंडू घेऊन रेषेपाशी यायचे. आमची खेळाडू रेषेबाहेर उभी असायची. सर कमरेत वाकायचे, दोन्ही हातांनी चेंडू रेषेपाशी जमिनीवर ठेवायचे, तो डुगडुगायचा थांबेपर्यंत वरून बोटं टेकवून धरायचे, मग दोन पावलं मागे सरून हात उंचावायचे आणि पाच सेकंद मोजायला लागायचे. तेवढ्यात आम्ही वाकून उचलायचा आणि आत टाकायचा. किती देखणं वाकायचे ते! मला त्यात काहीतरी पवित्र वाटायचं, खोटं कशाला बोलू. मी घरी लाल भोपळा घेऊन तसंच वाकून ठेवायचा सराव करायचे. भोपळा कलंडायचा, पण मी बोटं टेकवून त्याला स्थिर करायला शिकले.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या संघाला ते चेंडू कसा द्यायचे, हे दिसत नव्हतं का? दिसत होतं ना. त्यांच्या शाळेच्या पोरी आमच्याशी खेळायला यायच्या, पांढरे बूट, रिबिनी लावलेल्या वेण्या. त्यांच्या हातात सर चेंडू द्यायचे. हातातून हातात. मला त्याचं उत्तरही सापडलं होतं. त्या सरांच्या रोजच्या वर्गातल्या, ओळखीच्या, म्हणून त्यांच्याशी सर जरा सैल वागतात. खरा नियम आमच्याशी पाळतात. मला त्याचा अभिमान होता हो. आम्हाला सवलत नको, आम्हाला नियम हवा, असं काहीतरी मी मनात म्हणायचे.

हसू नका. बाबांनी आम्हाला तसंच वाढवलं होतं. ते गिरणीत होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले त्या संध्याकाळी, मी तेव्हा मायच्या पोटात, त्यांनी ठरवून टाकलं की जुनं काही पोरांना सांगायचंच नाही. विहिरीच्या गोष्टी नाहीत, गावच्या गोष्टी नाहीत. कोणी म्हातारं ओट्यावर बसून सुरू झालं की बाबा म्हणायचे, "संपलं ना आता ते. काहून काढून राहिले?" घरात एक तसबीर, पुस्तकं, आणि पोरीने शिकायचं. त्यामुळे जे माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं, त्याला काय म्हणतात हेच मला माहीत नव्हतं. सुमनला माहीत असावं. तिची आजी बोलकी होती.

एका वर्षी सरांच्या शहरातल्या शाळेशी आमचा सामना लागला. थंडी सरत आलेली, बोरांचे दिवस. मध्यंतराला संत्र्याच्या फोडी वाटल्या होत्या आणि सगळ्यांच्या बोटांना सालीचा तो झणझणीत वास. शेवटचं थोडं राहिलं होतं, आम्ही एका गुणाने मागे, आणि चेंडू त्यांच्या पोरीच्या पायाला लागून बाहेर गेला. थ्रो-इन आमचा. रेषेबाहेर सुमन. सर आले, वाकले, चेंडू ठेवला, बोटं टेकवली, मागे सरले, हात वर केला.

सुमन वाकली नाही. नुसती उभी. मी आतून ओरडले, "उचल वं!" मग तिने काय करावं? बुटाचं टोक चेंडूखाली घातलं आणि झटक्यात वर उडवून तो हातात झेलला.

शिट्टी वाजली. सरांनी बोट तिच्या पायाकडे दाखवलं. मुद्दाम पाय लावला, चूक. चेंडू त्यांना, हातात. आम्ही हरलो.

परतताना मी तिच्यावर जी उखडले, विचारू नका. "काहून केलं तसं? सगळ्या मिळून आटापिटा करून राहिलो अन् तू फुटबॉल खेळून राहिली?"

"वाकायचा कंटाळा आला मले," सुमन म्हणाली.

"कंटाळा? नियम हाय तो. सरांचं बरोबरच होतं."

ती थांबली. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, जसं ताप आलेल्या माणसाकडे पाहतात तसं. मग कोपऱ्यावरच्या म्हातारीकडून तिने बोरं घेतली, माझा हात धरून ओढला, पंजा उघडला आणि त्यात अर्धी बोरं न मोजता ओतली. "खाय," म्हणाली. आम्ही बिया थुंकत घरी गेलो. मला वाटलं, तिला आपली चूक कळली.

कॉलेजात गेल्यावर सरांनीच माझं नाव पंचांच्या परीक्षेला दिलं. हेही सांगायला हवं. वस्तीत सायकल थांबवून, जमिनीवर एक पाय टेकून ते बाबांना म्हणाले, "पोरीची नजर चांगली आहे. पंच होईल." बाबांनी खुर्ची आणली, पण सर घाईत होते. बाबा आठवडाभर ते वाक्य गिरणीत सांगत फिरले. मायने माझी शिट्टी हळदीच्या डब्यात ठेवली, शकुन म्हणून. पुढे कितीतरी दिवस ती फुंकली की जिभेवर हळद यायची.

परीक्षा दुसऱ्या मैदानावर होती. लेखी मला सोपं गेलं, चुकांची नावं, खुणा, सगळं तोंडपाठ. मग प्रात्यक्षिक. शहरातल्या मुलींचा सामना लावलेला आणि आम्ही पाळीपाळीने पंच व्हायचं. परीक्षक जबलपूरकडचे होते, पिकलेल्या मिशांचे, हिंदी बोलणारे. कडेला खुर्च्यांवर सगळे मास्तर बसलेले. त्यांत आमचे सरही, मुद्दाम मला पाहायला आलेले. मला आठवतं, मी त्यांच्याकडे पाहून हसले होते.

चेंडू बाहेर गेला. मी शिट्टी दिली, दिशा दाखवली, चेंडू घेऊन रेषेपाशी गेले. रेषेबाहेर रिबिनी लावलेली एक गोरी पोरगी हात पुढे करून उभी. मी वाकले. भोपळ्यावर इतकी वर्षं केलेलं सगळं त्या वाकण्यात होतं. चेंडू ठेवला, बोटं टेकवली, दोन पावलं मागे सरले, हात वर केला.

तिचे हात तसेच पुढे. "हे काय? हातात दे ना."

मी मोजत राहिले.

"मी नाही उचलणार खालून," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिला एका क्षणात कळलं होतं, जे मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

पाच झाले. मी शिट्टी फुंकली आणि पाची बोटं पसरून चूक दिली. चेंडू दुसऱ्या संघाला. आणि चेंडू उचलून, दुसऱ्या संघाच्या मुलीपुढे पुन्हा वाकून ठेवायला लागले. कोणीतरी फिसकन हसलं. परीक्षक खेळ थांबवून आत आले.

"बेटी, बॉल नीचे क्यों रखी?"

"नियम है, सर."

"कौन-सा नियम?"

मला वाटलं ते मला तपासून पाहताहेत. मी ठसक्यात सांगितलं, "हमारे सर हमको ऐसेच देते हैं. हमेशा." आणि हात लांब करून सर बसले होते ती खुर्ची दाखवली.

सगळं मैदान तिकडे वळलं. सरांनी मान खाली घातली आणि शिट्टीची काळी दोरी बोटाला गुंडाळायला लागले. गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या कपड्यांकडे, माझ्या नावाच्या चिठ्ठीकडे. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"नीचे उसके लिए रखते हैं, बेटी, जो टीम आने में देर करे. जो सामने खड़ा है, उसके हाथ में देते हैं."

एवढं बोलून त्यांनी जमिनीवरचा चेंडू उचलला आणि माझ्या हातात दिला.

आम्ही तर उभ्या होतो. दर वेळी उभ्या होतो, चुन्यापासून चार बोटांवर, घामाने थबथबलेल्या, हात पुढे करायच्या तयारीत. सुमनचं ते पाहणं मला तेव्हा आठवलं. अगं बाई गं, असं झालं की ती दुपार, ते मास्तर, त्या रिबिनी, सगळं सोडून जमिनीत जावं. लाज वाटायला हवी होती ती सरांना, हे मला डोक्याने कळतं. पण वाटली मला. मी नागडी झाल्यासारखी उभी होते, माझं घर, माझी वस्ती, बाबांची ती तसबीर, सगळं घेऊन. आणि त्यातही वेडी मी, सरांना अडचणीत आणलं म्हणून मला त्यांची दया येत होती.

पास झाले. संध्याकाळी बाबांनी संत्रा बर्फी आणली आणि ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटली. "काय काय विचारलं वं?" ते पुन्हा पुन्हा विचारायचे. मी खुणा करून दाखवल्या, मुठी फिरवल्या, तीन बोटं, पाच बोटं. बाकीचं सांगितलं नाही. त्यांच्यापुरतं ते संपलेलं होतं. मी बर्फी हातातच धरून डोळे पुसले, तर मायला वाटलं, पोरगी आनंदाने रडून राहिली.

सर त्यानंतरही आले, पुढच्या पोरींना शिकवायला. मी लांबून पाहिलंय. चेंडू मात्र त्यांनी परत कधी खाली ठेवला नाही. दोन पावलांवरून टप्पा देऊन टाकायचे. नियमात तेही बसतं.

तर आज. उद्घाटनाची भाषणं चालली असताना दोन मुलांनी धरून एका म्हाताऱ्याला आणलं आणि त्या हारवाल्या खुर्चीत बसवलं. हाडांवर लटकलेली पांढरी पँट, तीही इस्त्रीची. माइकवर सांगितलं, या वस्तीतल्या मुलींना खेळ देणारे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं की नाही ते कळेना. डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी आलेलं होतं. मध्ये दोनच खुर्च्या होत्या, तरी मी मान वळवली नाही. माझ्या पाठीशी सुमन खाकरली.

सामना सुरू झाला. मैदानावर पंच एक तरुण मुलगी होती, माझ्याच एका विद्यार्थिनीने तयार केलेली. थोड्या वेळाने चेंडू उसळून बाहेर आला आणि सरळ सरांच्या मांडीवर जाऊन पडला. लोक हसले. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला. पंच मुलगी पलीकडून यायला निघाली, पण मी जवळ होते, मी उठले. का उठले? सवयीने, दुसरं काय. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सरांनी चेंडू उचलून माझ्यापुढे धरला.

माझे हात माझ्याआधी पुढे गेले. नुसते हात नव्हे, ओंजळ. आम्ही कधी कुठल्या देवळात गेलो नाही, पण ओंजळ कशी झाली कोण जाणे. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, कोरडी, गार.

आणि माझ्या तोंडून निघालं, "थँक्यू, सर."

कानशिलं तापली माझी. इतकी वर्षं काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. झोप येत नसे तेव्हा उशीवर डोकं ठेवून मी त्यांना काय नाही सुनावलं. आणि वेळ आली तर थँक्यू! जीभ उपटून फेकावी असं वाटलं. मी तशीच चेंडू पोटाशी धरून उभी.

पाठीमागून सुमनचा आवाज आला, हळू, फक्त मला ऐकू येईल एवढा.

"त्याची कंबर गेली वं आता. वाकता येत नाही त्याले."

तेवढ्यात पंच मुलगी धावत आली. "मॅडम, बॉल." मी दिला. ती रेषेपाशी गेली. रेषेबाहेर एक सावळी, काटक पोरगी उभी होती, आमच्याच वस्तीच्या शाळेचा सदरा, कपाळावरचा घाम दंडाला पुसत. पंचाने तिच्या हातात चेंडू दिला आणि हात वर करून मोजायला लागली.

पोरीने पंचाकडे पाहिलंही नाही. तिचं सगळं लक्ष आत, मोकळ्या होत असलेल्या तिच्या मैत्रिणीकडे. तिने चेंडू घेतला आणि टाकला.